सहा तास सोयाबीन, एक तास तूर

नवी दिल्ली
३ सप्टेंबर

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

परवा दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही "कोन बोलून राह्यलं?" एवढंच विचारत राहिलात. शेवटी मामींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "वैजू, यायच्या कानातल्या मशीनचे सेल सरले, तू आपली चिठ्ठीच लिही." म्हणून ही चिठ्ठी. तसाही माझ्या नव्या ऑफिसात फोन दारावरच काढून घेतात. संध्याकाळी परत मिळतो तेव्हा त्यात फक्त बँकेचे मेसेज असतात.

बदली झाल्याचं मामींकडून कळलं असेलच. काम आकडेवारीचंच आहे, खातं तेवढं वेगळं. मला तुमच्याकडून थोडी माहिती हवी आहे. यंदा धनजमध्ये तूर किती एकर आहे? जानेवारीत काढणी झाली की गावातून किती पोती निघतील? त्यातली खायला आणि बियाण्याला घरी किती राहतात? आणि समजा कोणी सांगितलं की आठ दिवसांत सगळी तूर कारंज्याला आणून टाका, तर येईल का?

कशासाठी ते विचारू नका. तुम्ही विचारणारच, पण मी सांगणार नाही. गुडघा कसा आहे? नरेंद्रदादाचा फोन येतो का?

तुमची
वैजयंती

धनज, ता. कारंजा
११ सप्टेंबर

चि. वैजयंतीस,
जयभीम आणि मंगलकामना.

तू सांगू नकोस, मला कळलं. तुझं पत्र मी आणि तुझ्या मामीने जेवताना दोनदा वाचलं आणि दोघांच्याही एकदम डोक्यात आलं, पोरगी नोकरी सोडून कारंज्यात दालमिल टाकणार! वा! बारा वर्षं सरकारच्या फायली उचलल्यास, आता स्वतःचं काहीतरी कर. मंगरूळपीर रोडला एक जागा आहे, पाहून ठेवतो. फक्त भागीदार घेऊ नकोस, आणि घेतलास तर नात्यातला घेऊ नकोस.

आता तुरीचं ऐक. एकर विचारशील तर उत्तर नाही, कारण आपल्याकडे तूर एकरात नसतेच, तासात असते. दिल्लीत राहून विसरली असशील म्हणून सांगतो, तास म्हणजे पेरलेली ओळ. सहा तास सोयाबीनचे, मग एक तास तुरीचा, परत सहा सोयाबीनचे. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघून जाते आणि तूर एकटी जानेवारीपर्यंत उभी राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं सगळं रान तुरीचंच. बांधशेजारी उकंडरावची पन्नास एकर अशीच, माझी चार एकर अशीच. निव्वळ तूर पेरणारा शहाणा गावात एकही नाही.

आठ दिवसांत कारंज्याला येणार नाही. सगळ्यांची एकाच वेळी निघत नाही. मळणीयंत्रं गावात तीन, त्यातलं एक पंचफुलाबाईच्या जावयाचं, ते कायम दुरुस्तीलाच असतं. महिना धर.

नरेंद्र पलटणीबरोबर वर, बर्फातल्या ठाण्यावर गेला आहे. कुठे ते तोही सांगत नाही आणि मीही विचारत नाही. ऑक्टोबरात रस्ता बंद होतो आणि एप्रिलपर्यंत आहे त्यावर भागवावं लागतं, एवढं मला ठाऊक आहे, कारण सुभेदार होऊन घरी येईपर्यंत अठ्ठावीस वर्षं मी फौजेच्या पुरवठा खात्यातच काढली. तुझ्या मामीचा त्याला फोनवर एकच प्रश्न असतो, "वरन-भात भेटते काय रे?" तो हो म्हणतो. पुढचा हिवाळाही त्याला तिथेच काढायचा आहे.

मिलला तुझ्या आईचं नाव दे.

तुझा मामा
देवमन

नवी दिल्ली
२० सप्टेंबर

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

दालमिल नाही. मामींना सांगा, पेढे वाटले असतील तर कारण बदला.

तुमच्या पत्राने मात्र मला कामाला लावलं. माझ्यासमोरच्या तक्त्यात लिहिलं आहे, धनज, तालुका कारंजा, तूर तेराशे वीस एकर. गावाची सगळी पेरणीची जमीनच साडेचौदाशे एकर आहे ना? आकडा पीक पाहणीतून आलेला आहे, मोबाइलवरच्या फोटोंसह. तुमच्या हिशेबाने तो दोनशेच्या आसपास हवा. मग चूक तुमची की आमची? तुम्ही स्वतःच्या चार एकरांवरून गावाचा अंदाज बांधत नाही ना? रागावू नका. मला वरच्यांना "माझे मामा म्हणतात" असं लिहून देता येत नाही. कोणीतरी फिरून मोजलं पाहिजे, आणि सोयाबीन निघायच्या आत.

आणखी एक. त्या तुरीची डाळ करून, पोत्यांत भरून, रेल्वे न वापरता उत्तरेकडे न्यायची तर कारंज्यात ट्रक किती मिळतील? सलग तीस दिवस? आणि बाजारात कोणाला कळू न देता?

तुमची
वैजयंती

धनज
२ ऑक्टोबर

चि. वैजयंतीस,
जयभीम.

मी कानाने बहिरा आहे, डोक्याने नाही. "रेल्वे न वापरता", "सलग तीस दिवस", "कोणाला कळू न देता"! हे दालमिलवाल्याचे प्रश्न नाहीत, माझ्याच खात्याचे आहेत. तुम्ही लोक लढाईची तयारी करताय. लढाई होणार की नाही ते मी विचारत नाही. तयारी करावीच लागते, आम्ही फौजेत रोज तेच करायचो. पण तयारी कागदावर करायची तर कागद खरा पाहिजे. म्हणून मोजलं.

नऊ दिवस फिरलो. पंचफुलाबाईची मजूर बायांची टोळी ज्या रानात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जाते, त्या रानात मागोमाग मी, हातात काठी आणि वही. बाया हसून हसून बेजार. "सुभेदार, तास काहून मोजून राह्यले? कोनी चोरून नेले काय?" मीही हसलो. काही रानात सहास एक आहे, काही ठिकाणी दहास एक, माणिकरावच्या एका तुकड्यात चारास एक. सगळं मिळून गावात तुरीचा हिस्सा भरतो एकशे नव्वद एकर. गटवार यादी सोबत आहे.

आता तेराशे वीस कुठून आले ते ऐक. उकंडरावला विचारलं. तो म्हणाला, "अरे, हमीभावाच्या केंद्रावर सातबारा मांगतेत. त्याच्यावर तूर नसन तं पोतं उतरू देत नाहीत. मंग मोबाइलवर भरतानी एका एका तासाचं क्षेत्र कोन काढत बसते? तूर साऱ्या वावरात हाय, साऱ्या वावराची भरली. सोयाबीनबी साऱ्या वावराचं भरलं. कोनाचं काय गेलं?" आपण खोटं लिहिलं असं त्याला वाटतच नाही. गावात कोणालाच वाटत नाही. मीही तसंच भरलं आहे, हेही लिहून घे.

म्हणजे धनजची सोयाबीन चौदाशे एकर आणि तूर तेराशे वीस. कर बेरीज. साडेचौदाशे एकरांच्या गावात सत्तावीसशे एकर पीक! एवढे शिकलेले लोक बसलात तिथे, दोन आकडे एकाखाली एक मांडायचं कोणालाच सुचलं नाही?

हा आकडा शेवटी कोणाच्या ताटात जातो ते मला माहीत आहे. त्या ताटांपैकी एक माझ्या पोराचं आहे. म्हणून नीट कर.

तुझा मामा
देवमन

नवी दिल्ली
२५ ऑक्टोबर

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

ओळखलंत, आता नाही म्हणत नाही. सांगता येतं तेवढं सांगते. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाला.

आमच्या मजल्यावर एका बाजूला फौजेतले अधिकारी आहेत आणि दुसऱ्या बाजूला आम्ही अर्थशास्त्रवाले. देश लढाईत उतरला तर कोणती वस्तू कुठून येईल आणि किती दिवस पुरेल, याचा आराखडा दोघांनी मिळून करायचा. मिळून म्हणजे मंगळवारी एका टेबलाशी बसून. कर्नल मदनसिंग विचारतात, "किती दिवस?" आमचे सल्लागार साहेब सांगतात, "वाढ चार टक्के." कर्नल पुन्हा विचारतात, "म्हणजे किती दिवस?" साहेब आणखी एक आलेख दाखवतात. दोघंही हुशार आहेत, मामा, मनापासून राबतात, आणि एकमेकांचं एक अक्षर ऐकत नाहीत. एकमत फक्त आकडा गोल असावा यावर होतं.

बेरीज कोणाला का सुचली नाही ते विचारलंत. सोयाबीनचा तक्ता तेलबियांच्या खोलीत असतो, तुरीचा आमच्या डाळींच्या खोलीत. दोन्हींवर गोपनीय असा शिक्का. शेजारच्या खोलीतला तक्ता बघायला मी अर्ज दिला, त्याला सतरा दिवस लागले. खोलीचं दार उघडं असतं आणि तक्ता जाता-येता टेबलावर दिसतो, तरी सतरा दिवस. शेवटी मिळाला. नुसतं धनज नाही, तालुक्यातल्या ज्या गावात मी दोन्ही आकडे शेजारी मांडले त्या गावाची जमीन दुप्पट झाली.

आराखड्यात वरच्या ठाण्यांसाठी आपल्या भागाची डाळ नव्वद दिवसांची धरली आहे. तुमच्या मोजणीचं प्रमाण सगळीकडे लावलं तर ती जेमतेम तेरा दिवसांची भरते. आणि वाईट गोष्ट पुढेच आहे. मागे नव्वद दिवसांची तयार आहे असं धरल्यामुळे पुढच्या हिवाळ्यापासून ठाण्यांवर आधीच भरून ठेवायचा साठा कमी करणार आहेत. लढाई झाली नाही तरी.

मंगळवारी मी एकरांचे दोन्ही तक्ते पुढे ठेवून हे मांडलं. साहेब म्हणाले, एका गावावरून देशाचा आकडा बदलत नसतो. कर्नलनी विचारलं, "मोजलं कोणी?" मी म्हटलं, पुरवठा खात्यातल्या निवृत्त सुभेदाराने, पायी फिरून. मग जेवणाची वेळ झाली. पुढच्या मंगळवारी बघू असं ठरलं आहे.

तुमची
वैजयंती

धनज
१० नोव्हेंबर

चि. वैजयंतीस,
जयभीम.

पत्र चुलीत घातलं नाही, तुझ्या मामीने गॅस घेऊन सात वर्षं झाली.

पुढच्या मंगळवारी बघू म्हणजे काय? तुमच्याकडे दर आठवड्याला नवा मंगळवार उगवतो. वर एकदा रस्ता बंद झाला की झाला.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पंचवीस-तीस वर्षं झाली. आम्ही बर्फातल्या एका ठाण्याला माल पुरवायचो. कागदावर डाळ होती चार महिन्यांची आणि कोठारात होती चाळीस दिवसांची. उरलेली यायची होती, पण कोणीतरी ती आली असं लिहून सही करून टाकली होती. त्या वर्षी बर्फ लवकर पडला. आधी अर्धं वरण, मग पाव, मग मिठाच्या पाण्याला पिवळा रंग. आपल्याच भागातला, मंगरूळपीरकडच्या तांड्यावरचा फुलसिंग नावाचा पोरगा खालच्या ठाण्यावरून पाठीवर डाळ आणायला निघाला. त्याला जा असं कोणी म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात सापडला, तेव्हा पोतं पाठीवर तसंच बांधलेलं होतं.

त्या तक्त्यावर तू सही करू नकोस. बाकी तुमच्या आराखड्यातलं मला काही कळत नाही.

तुझा मामा
देवमन

नवी दिल्ली
१८ डिसेंबर

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

फुलसिंगचं वाचलं. उत्तर द्यायला इतके दिवस गेले. मंगळवारही गेले. एकाला साहेब दौऱ्यावर, एकाला कर्नल दौऱ्यावर, एकाला दोघंही हजर पण भिंतीवर तक्ता दाखवायचं यंत्र बंद. शेवटी निर्णय झाला.

आकडा यंदा बदलायचा नाही. तो वर कळवून झाला आहे आणि त्याच्या जोरावर पुढची चौदा परिशिष्टं उभी आहेत. पण तुमची मोजणी फुकट गेली नाही. गावपातळीवरच्या नोंदी दुरुस्त करायच्या, म्हणजे तीन वर्षांनी आराखडा पुन्हा तपासतील तेव्हा खरा आकडा तयार असेल, असं ठरलं. तसं पत्र खाली गेलं आहे, जिल्ह्यापर्यंत पोचेल. तुमची गटवार यादी सोबत जोडली आहे. तुमचं नाव घातलेलं नाही, "स्थानिक निवृत्त सैनिक" एवढंच लिहिलं आहे.

पूर्ण नाही, पण थोडं तरी जिंकलो असं मला वाटतं. कर्नल मदनसिंग निघताना म्हणाले, सुभेदारसाहेबांना माझा सॅल्यूट सांगा. सांगितला.

फाइल पुढे गेली. इथे थंडी फार आहे. मामींनी दिलेली गोधडी काढली.

तुमची
वैजयंती

धनज
२१ जानेवारी

चि. वैजयंतीस,
जयभीम.

तुझं जिंकणं धनजला पोचलं.

सोमवारी जिल्ह्याहून दोन गाड्या आल्या. साहेबांच्या हातात माझ्याच अक्षराची झेरॉक्स. गावात निवृत्त सैनिक एकच आहे, मग नाव न घालून काय लपवलंस? तासभर थांबले. रानात गेलेच नाहीत, तूर सोंगून झाली आहे, बघणार काय? चहा घेतला आणि सांगितलं की नोंदी खोट्या आहेत, सबब धनजची तूर रद्द. मी म्हटलं, रद्द कशी, एकशे नव्वद एकर खरी आहे, यादी तुमच्या हातातच आहे. तर म्हणे तेराशे वीसची एकशे नव्वद करायची सोय पोर्टलवर नाही. एक तर आहे असं दाखवता येतं, नाहीतर नाही असं. आता गावाच्या सातबाऱ्यांवर तूर शून्य आहे.

गुरुवारी खरेदी केंद्र सुरू झालं. उकंडरावचा भरलेला ट्रॅक्टर कारंज्याहून तसाच परत आला. घरोघरी पोती पडून आहेत आणि व्यापारी पाडून मागतो. पंचफुलाबाईची दीड एकर, त्यातही एकच हिस्सा तुरीचा. ती दारात येऊन म्हणाली, "सुभेदार, तुमी हासत हासत मोजले, आमी हासत हासत मोजू देले. आता कोनाले हासू?" मला नीट ऐकू आलं नाही म्हणून तुझ्या मामीने तेच मोठ्याने परत सांगितलं. दोनदा ऐकलं.

उकंडराव मला पाहून रस्ता बदलतो. लहानपणापासून आम्ही एका बांधावर भाकर खाल्ली. मी त्याला काय समजावू? तुझ्या तुरीने देशाचं रक्षण होणार होतं म्हणून? संताप तर इतका येतो, आणि कोणाला शिवी द्यावी तर समोर कोणीच नाही. सगळे साहेब नीट बोलले, मला खुर्ची दिली.

आणि तुमच्या आराखड्यात तेराशे वीस तसेच? म्हणजे जी तूर आहे ती कागदावर नाही, आणि जी नाही तिच्या भरवशावर नरेंद्रच्या कोठारातली डाळ कमी करणार.

शेवटचं. तू लिहिलंस, "फाइल पुढे गेली." फाइल आपोआप पुढे जात नसते. तू सही केलीस का? हो की नाही, एवढंच लिही.

तुझा मामा
देवमन

नवी दिल्ली
२ फेब्रुवारी

मामा,

हो. केली.

तुमचं नोव्हेंबरचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. साहेब म्हणाले, चूक सगळ्यांना माहीत आहे, तीन वर्षांत दुरुस्त होईल, एका सहीसाठी देशाचा आराखडा अडवून धरायचा का? मला ते पटलं असं लिहिणार होते. पटलं नव्हतं. मी थकले होते. दोन महिने मी एका गावाच्या तुरीवर बोलत होते आणि समोरचे लोक घड्याळ बघत होते. सही केली, घरी आले, कपडे वाळत घातले, जेवले. काहीही वाटलं नाही. वाटलं ते तुमचं हे पत्र आल्यावर.

गावाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. मला काय म्हणायचं ते म्हणा.

वैजयंती

धनज
१२ फेब्रुवारी

चि. वैजू,

तुला झापायला बसलो होतो. दोन कागद फाडले.

कोणीतरी सही केली होती असं मी तुला लिहिलं. तो कोणीतरी मीच होतो. तेव्हा हवालदार होतो आणि कोठार माझ्या ताब्यात होतं. वरचे साहेब म्हणाले, ट्रक निघालेत देवमन, आज ना उद्या येतील, उगाच दुसरा कागद कशाला करतोस? मी केली सही. मला पटलं नव्हतं. जेवणाची शिटी झाली होती आणि माझ्यामागे लाइन लागली होती, एवढंच. फुलसिंग निघाला तेव्हा रिकामं पोतं माझ्याकडूनच घेऊन गेला. मी त्याला दोरी दिली, बांधायला.

हे तुझ्या मामीला माहीत नाही, नरेंद्रलाही नाही. दरवर्षी उरुसाचं नाव सांगून मंगरूळपीरची बस धरतो आणि तिथून पुढे फुलसिंगच्या म्हाताऱ्या आईकडे जातो. ती मला चहा करते. तिला वाटतं, लेकाचा साहेब किती चांगला, अजून आठवण ठेवतो. आणि मी तो चहा पितो.

तेव्हा तुला बोलायचा हक्क मला नाही. फक्त एक सांगतो. माझ्या सहीनंतर तिसऱ्या दिवशी बर्फ पडला, मला काही करायला वेळच मिळाला नाही. तुझ्याकडे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आठ महिने आहेत.

तुझा मामा
देवमन

नवी दिल्ली
६ मार्च

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

सोमवारी मी सही मागे घेत असल्याचं पत्र दिलं. एका पानात सगळं लिहिलं, दोन तक्ते, तुमची मोजणी, शून्य झालेलं धनज. साहेबांनी सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमची अडचण मी समजू शकतो." मग त्यांनी कर्नल मदनसिंगना बोलावलं. मंगळवार नसताना दोघं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले आणि पहिल्यांदाच त्यांचं पटकन जमलं. तेलबियांच्या खोलीतल्या अधिकाऱ्याला हाक मारली, डाळींचा तात्पुरता कार्यभार त्याला दिला आणि माझ्या जागी त्याने सही केली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा मिनिटं लागली. ज्याच्या टेबलावर सोयाबीनचा तक्ता असतो तोच हा माणूस, मामा.

कर्नल जाताना माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "मला दिवस हवे होते, मॅडम, तुम्ही मला एकर देत राहिलात." मला अजून कळलेलं नाही की ते माझ्यावर चिडले होते की स्वतःवर.

माझी बदली खात्याच्या ग्रंथालयात झाली आहे. मोठी खिडकी आहे, फोन जवळ ठेवता येतो. सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. मला टेबल उलटून टाकावंसं वाटतं आणि मी पुस्तकांवर नंबर टाकत बसते. नरेंद्रदादाला मी काय सांगू?

तुमची
वैजयंती

धनज
१९ मार्च

चि. वैजू,
जयभीम.

त्याला काही सांगू नकोस. तू जे केलंस ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही. आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, हेही खरंच आहे. मी दोन्ही लिहून ठेवतो, जुळवायला बसत नाही.

तुझं पत्र तुझ्या मामीने माझ्या आधी उघडलं, पंचफुलाबाईला वाचून दाखवलं आणि नरेंद्रच्या डाळीचं आधीचंही सगळं सांगितलं. म्हणजे ते गावाने वाचलं असं समज. तुमचा गोपनीयचा शिक्का इथे चालत नाही.

परवा सकाळी उकंडराव आला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला. ट्रॅक्टरवरून तुरीची दोन पोती उतरवून घेतली आणि ओरडूनच बोलला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पोरीनं नोकरी घालवली म्हने?"

"घालवली नाही, बदली झाली."

"एकच थे." मग पोत्यांकडे हात करून म्हणाला, "हे तूर सरकारच्या हिसोबानं पैदाच नाही झाली. मंग इले कोन अडवते? पाठव तुह्या पोराले. त्याच्यासंगच्या पोरायलेबी होईन."

मी नको म्हटलं. तो म्हणाला, "तुले नाही देऊन राह्यलो मी. तुह्यावर राग हायेच अजून." आणि चहा न घेता गेला. राग जायचं त्याला काही कारणही नाही.

तुझी मामी आणि पंचफुलाबाई दोघी दिवसभर जात्यावर बसल्या. पंचफुलाबाई माझ्याशी बोलली नाही, पण डाळ निवडून दिली, एक खडा राहू दिला नाही. घरच्या काट्यावर मी दोनदा तोलली. एक्क्याऐंशी किलो. ठाण्यावर तीस माणसं धरली आणि रोजची माणशी शंभर ग्रॅम, तर सत्तावीस दिवस होतात. तीन पार्सलं केली, कापडात शिवली, नरेंद्रचा फौजी डाकेचा पत्ता घातला. उद्या कारंज्याच्या पोस्टात नेऊन देतो. एप्रिलमध्ये रस्ता उघडला की वर पोचतील.

तिन्हींवर मी लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, तिन्ही मिळून सत्तावीस दिवसांची आहे, मागून आणखी येणार नाही.

तुझा मामा
देवमन